जुन्या होडीला बसवलेल्या सदोष वीजजोडणी व बॅटरी चार्जरबाबत तक्रार

देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. 21 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 12 एप्रिल 2025 रोजी बसवलेली जेटी ते होडी वीजजोडणी व चार्जर बदलून मिळणे, तसेच बॅटरीची भरपाई मिळणे.

महोदय,

माझी होडी लाकडी, 32 फुटी, 1998 साली बांधलेली. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण आजवरच्या माझ्या प्रत्येक फोनला आपल्याकडून एकच उत्तर मिळालं आहे : "साहेब, होडी जुनी आहे." ऑर्डर घेताना आपल्याच माणसाने तिचे सगळीकडून फोटो काढले होते, आणि "जुन्या होडीलाच तर याची खरी गरज" असं म्हणून 68,500 रुपयांचं कोटेशन हातात ठेवलं होतं. तेव्हा होडीचं वय आडवं आलं नाही.

गरज होती हे खरं. हंगामात मी पर्यटकांना कर्ली खाडीत आणि खाडी-समुद्राच्या संगमापर्यंत फिरवतो. पावसाळ्यात धंदा बंद, होडी घरामागच्या जेटीला बांधलेली. फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपतं, वरून कोकणातला पाऊस. पाणी उपसायचा पंप बॅटरीवर चालतो आणि इंजिन बंद असल्याने बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता छत्री मानेत धरून डब्याने पाणी उपसलं आहे. म्हणून घरच्या मीटरवरून जेटीपर्यंत लाईन, तिथून होडीत 230 व्होल्ट आणि आत 30 अँपियरचा "तीन टप्प्यांचा मरीन चार्जर", असं सगळं काम आपल्याला दिलं. हनुमान जयंतीच्या दिवशी आपली दोन मुलं येऊन चार तासांत बसवून गेली.

बिघाडाची पहिली खूण वैशाख अमावास्येला दिसली. उधाणाच्या ओहोटीला होडी वाळूवर टेकली तेव्हा मी होडीच्या पंख्याखाली (प्रोपेलरखाली) वाकून पाहिलं. पंख्याच्या शाफ्टवरची झिंकची वडी, जी स्वतः झिजून बाकीचं धातूकाम वाचवते, एप्रिलमध्येच नवी घातली होती. एक वडी मला अख्खा हंगाम पुरते. दीड महिन्यात ती न्हाणीघरातल्या साबणाच्या शेवटच्या तुकड्याएवढी उरली होती. कारण मालवणातल्या एका जुन्या मरीन मेकॅनिकने दोन मिनिटांत सांगितलं. आपण जेटीवरून आणलेली अर्थची वायर थेट इंजिनला जोडली आहे. त्यामुळे माझ्या होडीचं झिंक घरच्या अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीशी आणि जेटीच्या लोखंडी पाइपांशी एका तारेने बांधलं गेलं, आणि खाऱ्या पाण्यात त्या सगळ्यांसाठी एकटं झिजत राहिलं. यासाठी अर्थच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. त्यातले डायोड एका व्होल्टच्या आतला असला चोरटा प्रवाह अडवतात आणि खरा फॉल्ट आला तर तो जाऊ देतात. आपल्या बिलात ही वस्तू नाही, होडीतही नाही.

मी फोन केला. त्यानंतर जे घडलं त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे.

10 जून रोजी आपला फिटर आला. मी बाजारात गेलो होतो. त्याने अर्थची वायर कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि घरी निरोप ठेवला, "आता झिंक जाणार नाही." रोग्याची नाडीच काढून ताप उतरवण्यातला हा प्रकार. घरी कोणाला काय कळणार? मी आलो, चार्जरचा दिवा लागलेला पाहिला आणि निश्चिंत झालो. ती माझी चूक, मान्य करतो.

6 जुलैला पुतण्या होडीच्या मागच्या बाजूला कंबरभर पाण्यात उतरून दोर सोडवत होता. तिथूनच ओरडला, "काका, पंख्याकडे हात घातलंय तर झिणझिण्यो येतत!" मी धावत जाऊन घरचा मेन स्विच पाडला. नंतर शोधलं तेव्हा इंजिनखोलीत, तळाच्या पाण्यापासून वीतभर उंचीवर, घरगुती एकतारी वायरीचा पीळ मारून टेप लावलेला सांधा सापडला. इंजिनच्या हादऱ्याला बहुतारी वायर लागते, तीही कथिलाचा मुलामा दिलेली, हे मरीन काम करणाऱ्याला मी सांगायचं? टेप सुटली होती, फेज इंजिनच्या पायाला टेकली होती. तिथून शाफ्ट, पंखा आणि पाणी. अर्थ कापलेली असल्याने विजेला परतायला दुसरी वाट नव्हती.

एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही, असं आपल्या साहेबांनी मलाच विचारलं. आपण जेटीवर बसवलेली एमसीबी 16 अँपियरची आहे. माणूस 0.03 अँपियरच्या पुढे धोक्यात येतो. म्हणून तिथे 30 मिलीअँपियरचा (म्हणजे 0.03 अँपियरचा) आरसीसीबी, गळती वीज ओळखून लाईन तोडणारा स्विच, हवा होता. तो कोटेशनमध्ये लिहिला आहे, पेटीत नाही. आणखी एक. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात गळती वीज बरीचशी पाण्यातूनच निघून जाते. पण जुलैत कर्ली नदीला पूर येतो तेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सोपी वाहते. आमच्या वाडीतली पोरं याच जेटीवरून उड्या मारतात. त्या आठवड्यात पाऊस होता म्हणून कोणी आलं नव्हतं.

चार्जरबद्दल थोडक्यात. 18 तास चालू ठेवल्यावरही बॅटरीच्या टोकांवर मीटर 14.6 व्होल्ट दाखवतो. भरलेल्या बॅटरीला तिसऱ्या टप्प्यात साधारण 13.5 वर उतरायला हवं, आणि 40 अंशांच्या इंजिनखोलीत त्याहून थोडं कमीच. हा उतरतच नाही, म्हणजे हा गॅरेजमधला साधा चार्जर आहे, वर फक्त निळं स्टिकर. शिवाय तो बॅटरीच्या बरोब्बर डोक्यावर ठोकला आहे, जिथे उकळणाऱ्या बॅटरीचा हायड्रोजन जमतो. 2 जुलैच्या वादळात लाईट गेली. 150 एएचच्या (अँपियर-तासांच्या) बॅटरीवर 4 अँपियरचा पंप निम्मी बॅटरी वापरूनही 18 तास चालायला हवा. दोन तासांत बंद पडला. सकाळी होडी तिच्या काठापर्यंत पाण्यात बुडाली होती. बॅटरीची झाकणं उघडली तर सडक्या अंड्याचा वास, आणि प्लेटा पाण्याच्या वर कोरड्या उघड्या.

माझी मागणी अशी. खरा तीन टप्प्यांचा, तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर द्यावा व तो बॅटरीपासून दूर बसवावा. जेटीवर आरसीसीबी, अर्थ पुन्हा जोडून त्यात आयसोलेटर, आणि सगळी वायर बदलून मिळावी. बॅटरीचे 14,200 व होडी ओढून घेण्याचे 6,000 रुपये मिळावेत. झिंकचे पैसे सोडून देतो.

हे नारळी पौर्णिमेपूर्वी व्हावं. न झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्यांची भीती घालू नये. "धंद्याची होडी, तुम्ही ग्राहकच नाही" हेही आपल्या साहेबांनी एकदा ऐकवलं आहे. होडी मी स्वतः चालवतो, पोट तिच्यावर आहे, आणि स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात ग्राहकच आहे.

तोपर्यंत मेन स्विच बंद आहे आणि मी पुन्हा डब्याने पाणी उपसतो आहे. माणूस पाठवाल तेव्हा मी घरी असताना पाठवा, आणि त्याच्या पिशवीत टेपच्या रिळाऐवजी मल्टिमीटर असू द्या.

आपला,
(सही)
होडीमालक

सोबत : बिल व कोटेशनची प्रत, कापलेल्या वायरीचे, सांध्याचे व झिंकचे फोटो.