सहीपूर्वीचा तो अर्धा तास

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही, याची फार लाज वाटते. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी ठीक. गेल्या आठवड्यात जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला कळेलसे वाटत नाही, म्हणून लिहितो.

बाळ २५ दिवसांचे असताना एका रात्री त्याचा ताप ३८.४ अंश सेल्सिअस भरला. ते दूध पीत होते, म्हणून सकाळपर्यंत थांबावे असे मला वाटले. हिने ऐकले नाही आणि तिचेच बरोबर होते, कारण इतक्या लहान जिवाला ३८ अंश ताप आला की ते वरवर कितीही बरे दिसले तरी लगेच दाखवावे लागते. रक्त आणि लघवी तपासायला गेली. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी पाठीतले पाणी काढायचे का, असा प्रश्न उरला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे सरकवले आणि "काय ते ठरवा" एवढेच म्हटले.

तेव्हा मला आपले भांडण आठवले. तुझी धाकटी काचपेटीत असताना "मला कोणी काही विचारतच नाही," असे तू म्हणाला होतास, आणि मी "डॉक्टर आहेत ना, तू कशाला डोके शिणवतोस," असे उत्तर दिले होते. तुला कोणी विचारले नाही, मला नुसतेच विचारले. पण त्या कागदासमोर मी तुझ्याइतकाच एकटा होतो.

थोड्या वेळाने मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि खुर्ची ओढून अर्धा तास बसल्या. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार २१ दिवसांपर्यंतच्या बाळाचे हे पाणी तपासावेच, मात्र २२ ते २८ दिवसांच्या बाळाची लघवी स्वच्छ असेल आणि रक्तातले प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी हे जंतुसंसर्गाची चाहूल देणारे घटक ठीक असतील, तर आई-वडिलांशी बोलून ठरवायला वाव आहे, असे त्यांनी सांगितले. आमच्या बाळाचे हे सारे ठीक होते. जंतुसंसर्गाचा धोका कमी होता, पण शून्य नव्हता. सुई टोचताना पाण्यात रक्त मिसळले तर निष्कर्ष धूसर होतो, हेही त्यांनी लपवले नाही. मग त्यांनी विचारले, "तुम्हा दोघांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?" हिला सुईची वाटत होती, मला नजरेतून सुटलेल्या आजाराची, आणि तोवर आम्ही हे एकमेकांना सांगितलेच नव्हते.

पाणी काढायचे ठरले. हिने बाळाच्या डोक्याशी उभे राहायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पाणी स्वच्छ निघाले, जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या कल्चर चाचणीत ३६ तासांत काही वाढले नाही, आम्ही घरी आलो. तरीही त्या बाई आल्या नसत्या तर मी घाईने सही केली असती, आणि काही बिघडले असते तर हिला किंवा स्वतःला जन्मभर दोष देत राहिलो असतो, हा विचार रात्री झोपू देत नाही.

त्या वेळी तुला कोणी, निदान मी तरी, काय विचारायला हवे होते, हे मला कळव. तेव्हा मी दिलेल्या उत्तरासाठी मला क्षमा कर.

नव्या नोकरीत रुळलास का? वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझाच