बी-रोपं देणाऱ्या अनामिकांचे आभार

मृगाच्या तोंडावर बी-रोपांच्या अदलाबदलीत ज्यांनी आपली पिशवी रिकामी केली, त्या सर्वांचे मनापासून आभार. पुड्यांवर नावं नव्हती. वाण, बी धरल्याचा महिना आणि 'संकरित नाही' एवढं मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत मूळ झाडासारखं येत नाही, त्यामुळे ही नोंद फार मोलाची.

दुधीचं बी देणाऱ्यांचे विशेष आभार. मादी कळी संध्याकाळी उमलण्याआधीच दोऱ्याने बांधायची, उमलताना नरफुलाचे पराग हाताने लावायचे आणि पुन्हा बांधायची, हे कष्टाचं काम. तसं केलं नाही तर शेजारच्या वेलाशी संकर होऊन वाण बिघडतो. 'दुधी कडू लागला तर खाऊ नका, विषबाधा होते' ही चिठ्ठीही सोबत होती. ही सूचना प्रत्येक पुडीत हवीच.

टोमॅटोचं बी दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवलेलं होतं. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. कढीपत्त्याच्या बिया गर काढून ताज्याच दिल्या, कारण वाळल्या की त्यांची उगवण झपाट्याने घटते.

जास्वंदीच्या काड्या वीतभर, पेन्सिलीएवढ्या जाड, डोळ्याखाली (पान फुटतं त्या गाठीखाली) छाटलेल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसलेल्या फांद्या ज्यांनी मुद्दाम घरीच ठेवल्या, त्यांनी गच्चीवरच्या कितीतरी बागा वाचवल्या. तरीही नवी रोपं दोन आठवडे वेगळी ठेवा आणि पानांची मागची बाजू रोज बघा.