दुकानातला गोठवलेला पिझ्झा आणि घरचा तवा

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

खानापूरच्या दुकानात मिळणारा गोठवलेला पिझ्झा सुटीत मुलांसाठी आणून ठेवावा का, आणि बाबांनी त्यातला खावा का, असे आईने फोनवर विचारले होते. पाकिटावरचा मजकूर कन्नड आणि इंग्रजीत असल्यामुळे तुम्हाला तो वाचणे अवघड जाते, म्हणून इथून तसाच एक स्वस्तातला पिझ्झा आणून, भाजून, चाखून मग हे लिहीत आहे.

मुलांसाठी तो जरूर आणा. खालची पोळी चांगली निघते, सॉस मात्र मला जरा गोड वाटला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे मैद्यानंतर काय येते ते दुकानातल्या मुलाकडून वाचून घ्या; स्वस्त पिझ्झ्यांमध्ये पुष्कळदा दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलापासून केलेले, चीजसारखे दिसणारे मिश्रण असते आणि ते वितळते, पण त्याला दुधाची चव नसते. दोन पाकिटांत थोड्याच रुपयांचा फरक असेल, तर खऱ्या चीजचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाबा, तुमच्या रक्तदाबामुळे मला खरी काळजी मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि अशा एका अख्ख्या पिझ्झ्यात त्यातला बराच मोठा वाटा संपून जातो. पाकिटावर सोडियम १०० ग्रॅममागे छापलेले असते, तेव्हा पिझ्झ्याचे एकूण वजन पाहून हिशेब करावा लागतो. तुम्ही एकच तुकडा घ्यावा, आणि त्या दिवशी लोणचे व पापड ताटात नसावेत, एवढे माझ्यासाठी पाळा.

आई, त्यासाठी ओव्हनची मुळीच गरज नाही. भाकरीचा जाड लोखंडी तवा मंद आचेवर तापव, पिझ्झा वितळू न देता थेट त्यावर ठेव आणि वर खोलगट झाकण घाल, म्हणजे कोंडलेल्या वाफेने वरचे चीज विरघळते. शेवटची दोन मिनिटे झाकण काढले की पाणी उडून जाते आणि तळ कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये तोच तळ चामट झाला. वरच्या भाज्या अगदीच नावाला असतात, म्हणून कांदा आणि ढबू मिरची, मीठ न घालता, आधी परतून त्यावर पसर.

पाकिटात बर्फाचा जाड थर दिसला किंवा वरचे सगळे एका कडेला सरकलेले असले, तर तो पिझ्झा एकदा वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते, तो घेऊ नका. तो उणे १८ अंशांवर साठवायचा असतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाते हे तुम्ही जाणताच; म्हणून साठा करू नका, खायच्या दिवशीच आणा आणि वितळला तर पुन्हा बर्फात ठेवू नका. इथून बसने मी तो आणणार नाही, २५ किलोमीटरच्या उन्हात तो टिकायचा नाही. मुलांना घेऊन आले की खानापुरातच उतरून घेईन.

तुमची लेक