ॲझ्टेकांबद्दल, अद्वैतला

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, ॲझ्टेक लोक खरंच जिवंत माणसाचं काळीज काढायचे का?" मी "हो" म्हटलं आणि तेवढ्यात तुमची जेवणाची घंटा झाली. नुसत्या "हो"वर त्या माणसांना सोडून द्यायला माझं मन घेईना, म्हणून हे पत्र.

काढायचे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. टेनोच्टिट्लान हे त्यांचं शहर तळ्यातल्या बेटावर वसलेलं होतं. आजचं मेक्सिको शहर त्याच्याच डोक्यावर उभं आहे. मधोमध मोठं देऊळ आणि त्याच्या माथ्यावर दोन गाभारे. एक युद्धाच्या विट्सिलोपोच्ट्लीचा, दुसरा पावसाच्या ट्लालोकचा. १४८७ साली देऊळ वाढवून बांधलं, तेव्हा ८० हजार माणसं बळी दिली असं जुन्या वृत्तांतांत येतं. त्या आकड्यावर आज फारसं कुणी विश्वास ठेवत नाही. पण २०१५ पासून तिथे जे खोदकाम झालं त्यात कवट्या रचून केलेला गोल मनोरा निघाला, आणि त्यात बायकामुलांच्याही कवट्या आहेत. ट्लालोकच्या बाजूला एकाच जागी ४२ लहान मुलांचे सांगाडे सापडले. बळी जाणारं मूल रडलं तर पाऊस चांगला होणार, असं ते मानायचे. हे वाचलं त्या दिवशी पुस्तक मी पुढे वाचूच शकले नाही.

मग एवढं सगळं कशासाठी? त्यांच्या मते सूर्य फुकट उगवत नव्हता. जग अंधारात असताना देव आगीभोवती जमले. एका श्रीमंत, नटलेल्या देवाने उडी मारायला चार वेळा पाऊल उचललं आणि चारही वेळा मागे घेतलं. नानावात्सिन नावाचा अंगभर फोड आलेला गरीब देव मात्र डोळे मिटून आगीत शिरला, आणि सूर्य झाला. ते पाहून दुसऱ्यानेही उडी टाकली. तो तितकाच तेजस्वी उगवला म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तोच चंद्र. (चंद्रावरचा ससा तुला आजीने दाखवलाय, तो त्यांनाही दिसत होता, याची मला फार गंमत वाटते.) तरी सूर्य जागचा हलेना, तेव्हा उरलेल्या देवांनीही प्राण दिले. ते देणं माणसांनी रक्ताने फेडत राहायचं, असा सगळा हिशोब. मला तो पटत नाही. पण रक्ताची चटक म्हणून हे चाललं होतं असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे.

तुला गेममधले गरुडयोद्धे आणि जॅग्वारयोद्धे आवडतात ना? त्यांची खरी कमाई शत्रू मारण्यात नव्हती, जिवंत धरून आणण्यात होती. दहाव्या वर्षी मुलाच्या मानेवर केसांची एक बट राखायचे. पहिला कैदी धरला की ती कापायची. नाही धरला तर बट तशीच, आणि गावभर चेष्टा. चार कैदी धरणाऱ्याला मोठा मान. हातात लाकडी दांडका, त्याच्या दोन्ही कडांना काळ्या ज्वालाकाचेची (ज्वालामुखीतून मिळणाऱ्या काचेसारख्या दगडाची) पाती बसवलेली; अंगात कापूस भरून शिवलेलं जाड चिलखत. आणि ज्याला धरलं त्या कैद्याला योद्धा आपला लाडका मुलगा म्हणायचा, कैदी त्याला बाप. बळीनंतर त्या मांसाचा प्रसाद घरच्यांनी खायचा, पण धरणारा स्वतः खात नसे. स्वतःलाच कसं खाऊ, असं म्हणायचा. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बाळंतपणात गेलेल्या बाईला ते रणात पडलेल्या योद्ध्याइतकाच मान देत. सूर्याला सकाळी योद्धे माथ्यापर्यंत न्यायचे, तिथून मावळतीपर्यंत या बायका.

आता घरात ये. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी साल चोळून काढायचं, पाट्यावर वाटायचं आणि मातीच्या तव्यावर भाकऱ्या भाजायच्या. चुन्यामुळे मक्याचं सत्त्व अंगी लागतं. हे युरोपने मका नेला तेव्हा नेलं नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणारी तिकडची गरीब माणसं पेलाग्रा नावाचा आजार होऊन मेली. मुलाला किती भाकरी द्यायची हेही ठरलेलं: तिसऱ्या वर्षी अर्धी, चौथ्या वर्षी एक, सहाव्या वर्षी दीड, तेराव्या वर्षी दोन. तू मेसच्या जेवणाबद्दल कुरकुरतोस तेव्हा मला हे आठवतं. अकराव्या वर्षी ऐकलं नाही तर चुलीत सुक्या मिरच्या टाकून त्या धुरावर तोंड धरायचे. (घाबरू नकोस.) पंधराव्या वर्षी मुलगा शाळेत राहायला, बहुतेकांची शाळा लढाई शिकवणारी, सरदारांच्या आणि पुजाऱ्यांच्या मुलांची निराळी, कडक उपासतापासांची.

आणि हीच माणसं मुलांना समोर बसवून जे सांगायची ते एका स्पॅनिश धर्मगुरूने, बर्नार्डिनो दे सहागूनने, सोळाव्या शतकात त्यांच्याच नावाट्ल भाषेत उतरवून घेतलं. माझ्या गळ्यातल्या हारा, माझ्या मोलाच्या पिसा, अशी सुरुवात. मग: फार झोपू नकोस, चालताना धावू नकोस आणि रेंगाळूही नकोस, सावकाश बोल, जेवताना मोठे घास कोंबू नकोस. मी वाचून हसले. यातलं प्रत्येक वाक्य तू माझ्याकडून ऐकलंयस.

१५१९ मध्ये कोर्तेस हा स्पॅनिश सरदार सैन्य घेऊन आला. दोन वर्षांत शहर पडलं, तेही मूठभर स्पॅनिशांच्या शौर्याने नव्हे. ट्लाश्काला या शेजारच्या शत्रू राज्याचे आणि खंडणी देऊन वैतागलेल्या इतर शहरांचे हजारो लोक त्यांच्या बाजूने लढले. शिवाय १५२० मध्ये देवीची साथ आली. माणसं मात्र संपली नाहीत; नावाट्ल आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून जास्त लोक बोलतात.

शनिवारी कॉम्प्युटर मिळाला की "कोडेक्स मेंडोझा" शोध, ॲझ्टेकांच्या जगण्याची चित्रं असलेलं जुनं हस्तलिखित आहे ते. मूळ ऑक्सफर्डला आहे, चित्रं नेटवर आहेत. ५७ ते ६० ही पानं मुलांची. साठाव्या पानावर मिरचीच्या धुराजवळ धरलेला मुलगा दिसेल, त्याच्या डोळ्यांतलं पाणीही चित्रकाराने सोडलेलं नाही. बघून झालं की फोन कर. आणि स्वेटर कुरिअरने पाठवलाय, मिळाला का ते कळव.

तुझी,
आई