मूसोनीला निघायच्या आधी हे वाच

मनू,

परवा तू फोन कट केलास त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. पोरगी इतक्या दिवसांनी खुशीत काही सांगत होती अन् तुम्ही तिला बर्फाचे सेंटिमीटर शिकवत बसलात, असं तिचं म्हणणं. म्हणून आता लिहून राहिलो. फोनवर माझा आवाज चढतो, लिहिताना जरा ताब्यात राहतो. बर्फाचं एकदाच लिहितो आणि विषय बंद करतो.

२० डिसेंबरला स्नोमोबाईल घेऊन मूसोनीला निघू नको. जानेवारीच्या शेवटी जा. झालं, लिहिलं.

आता बाकीचं. तू फ्रेंच काकांच्या शेडमधून आपली स्लेड, ती स्कँडिक स्नोमोबाईल, बाहेर काढलीस हे ऐकून मला काय वाटलं ते सांगायचं राहूनच गेलं. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. सीटच्या मागे ताडोब्याच्या वाघाचा स्टिकर अजून आहे! तू सहावीत असताना आपण इकडे भारतात आलो होतो, गेटजवळच्या दुकानातून तो घेतला होतास आणि परत गेल्याबरोबर बूटही न काढता शेडमध्ये जाऊन चिकटवला होतास. इतक्या हिवाळ्यांत त्याचा एक कान तेवढा गेलाय.

तुला आठवत नसेल, तू झालीच नव्हतीस, पण आमचा कॅनडातला, कॅपमधला म्हणजे कापुस्केसिंगमधला पहिला हिवाळा फार वाईट गेला. बल्लारपूरच्या पेपर मिलमधला माणूस मी, चंद्रपूरचा ४७ डिग्रीचा मे अंगावर काढलेला, मला वाटायचं हवामानाने आपलं काय बिघडणार. कापुस्केसिंगला जानेवारीत उणे ४० झालं. तिथे सेल्सिअस अन् फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात, हे मी शाळेत पाठ केलं होतं, अंगाला तेव्हा कळलं. मिल, घर, मिल, घर. आई खिडकीशी बसून राहायची आणि फोन वाजला तरी दचकायची. शेजारच्या फ्रेंच काकांना माझं इंग्रजी कळत नव्हतं आणि मला त्यांचं. एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं, एक हेल्मेट माझ्या हातात दिलं, एक आईच्या हातात, अन् स्लेड चालूच ठेवली होती बाहेर. मूनबीमपर्यंत नेलं आम्हाला, ती उडती तबकडी दाखवायला. येताना आई मागून माझ्या पाठीवर थापा मारत होती, मला वाटलं थंडी वाजते, थांबवू का, तर ओरडून म्हणाली, अजून फास्ट!

उत्तरेवर आमचा जीव जडला तो त्या दिवशी. मी तुला स्लेड ‘शिकवली’ असं तू म्हणतेस, पण तुला त्या स्लेडवर पहिल्यांदा बसवलं ते आईने.

आपली ती मोठी ट्रिप मी अजून डोक्यात चालवतो, झोप नाही लागली की. कॅपवरून स्मूथ रॉक फॉल्स, तिथून वर फ्रेझरडेल, अबिटिबी कॅन्यन, मग खाली कोक्रेनला. हायवेने कॅप ते कोक्रेन साधारण १२० किलोमीटर, माणूस दीड तासात पोचतो, पण आपण वरून फिरून गेलो, दोन रात्री लावून. पहाटे ग्रूमर, ट्रेलचा बर्फ सपाट करणारा ट्रॅक्टर, नुकताच फिरून गेलेला असायचा, ट्रेलवर एकसारख्या बारीक रेघा, त्यावर पहिली स्लेड आपली. दोन्हीकडे काळे स्प्रूस, तासन् तास तेच, आणि तरी कंटाळा आला असं कधी झालं नाही. समोरून कोणी आलं की तू मागे बसून डावा हात वर करून मूठ दाखवायचीस, आपल्या मागे कोणी नाही, आपण शेवटचे. ते काम तुझंच होतं आणि तू ते कोणाला करू द्यायची नाहीस.

आणि जेवण! सायलेन्सरवर बसवलेला तो पत्र्याचा डबा. बाकीचे लोक त्यात सॉसेज गरम करायचे, आपण झुणका-पोळी. आई पोळीत झुणका भरून तिची घट्ट गुंडाळी करायची, वर फॉइलचे दोन थर, डब्यात आडव्या लावायची. तासाभरात झाकण उघडलं की पोळीची खालची बाजू खरपूस झालेली, तेल फॉइलला लागलेलं, आणि हातमोजा काढून ती फॉइल सोलेपर्यंत बोटं बधिर. फ्रेंच काकांनी त्या लाकडी शॅकमध्ये चुलीजवळ उभं राहून तीन खाल्ल्या, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, तरी चौथी मागितली.

कॅन्यनच्या अलीकडे ते मूस, घोड्याएवढं हरीण, उभं होतं आठवतं? ट्रेलच्या बरोबर मधे. बाजूला छातीएवढा भुसभुशीत बर्फ, ते कशाला उतरतंय त्यात. काकांनी इंजिन बंद करायला लावलं, मागे घ्यायला लावलं, आणि आपण नुसते बसून राहिलो. त्याच्या पाठीवरच्या केसांवर पांढरं दव गोठलेलं होतं, श्वास सोडला की नाकाभोवती वाफेचा ढग. तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, बाबा, त्याला घाई नाही का? तेव्हा मला जे सुख झालं ते मी आईलाही नीट सांगू शकलो नाही.

हे सगळं मी यासाठी लिहितोय की तुला वाटू नये बाबाला तू जायलाच नको आहेस. जा. मूसोनीला जा, नदी ओलांडून मूस फॅक्टरी गावाला जा, तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांना माझा नमस्कार सांग. आम्ही मूसोनीला फक्त रेल्वेने गेलो, पोलर बेअर एक्स्प्रेसने, कोक्रेनहून जवळपास ३०० किलोमीटर, आणि खिडकीतून मी पूर्ण वेळ हेच बघत होतो की इथून स्लेडने कसं जाता येईल. तू जाऊन राहिलीस याचा मला अभिमान आहे, सगळ्या मोहल्ल्याला सांगून झालंय.

पण डिसेंबरात नको, मनू. तू म्हणालीस बर्फ नोव्हेंबरपासून धरलाय. तळ्याचा बर्फ वेगळा अन् नदीचा वेगळा. ऑटर रॅपिड्सच्या पुढे मूसोनीपर्यंतचा वेटमचा विंटर रोड, हिवाळ्यापुरता रस्ता, उघडायला जानेवारी लागतो, आणि तो उघडण्याआधी जायचं तर तुम्ही अबिटिबी नदीवरून जाल, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं. त्या नदीवर कॅन्यनला धरण आहे, ऑटर रॅपिड्सला धरण आहे. वीज काढायला पाणी सोडतात, बंद करतात, नदी वर येते, खाली जाते. वर आली तेव्हा धरलेला बर्फ पाणी खाली गेलं की तसाच लटकून राहतो, खाली नुसती पोकळी. वरून एकदम पक्का दिसतो. त्यावर भुसभुशीत बर्फाची गादी पडली की अजूनच, कारण गादी गोधडीसारखी ऊब धरते आणि खालचा बर्फ जाड होतच नाही. रेड क्रॉसवाले स्लेडसाठी २५ सेंटिमीटर सांगतात, ते स्वच्छ निळ्या बर्फाचे. पांढऱ्या बर्फात निम्मी ताकद. करड्या बर्फावर पाय ठेवायचा नाही. ऑगर घेऊन जा, भोक पाड, मोज, पन्नास पावलांवर परत मोज. आणि मूस फॅक्टरीचे लोक, ज्यांचा जन्म त्या नदीवर गेला, तेसुद्धा नदी गोठायच्या दिवसांत हेलिकॉप्टरने पलीकडे जातात, बर्फाचा रस्ता तयार होईपर्यंत. त्यांच्यापेक्षा आपल्याला काय जास्त कळतं?

हे लेक्चर झालं. सॉरी. एकदाच लिहितो म्हणालो होतो.

तुला रेमी लेकवरचा स्लश, तो पाण्या-बर्फाचा चिखल, आठवतो का, मला विचारायची हिंमत झाली नाही कधी. तू माझ्या मागे होतीस. वरून सपाट पांढरं, आणि मधोमध गेल्यावर स्लेड जड झाली, ओढल्यासारखी. गादीच्या वजनाने बर्फ दबला होता, भेगांतून पाणी वर आलं होतं, वरून दिसत नाही ते. काका पुढून ओरडत होते थांबू नको, थांबू नको, मी थ्रॉटल दाबून धरला आणि तरी बसली, मागची बाजू पूर्ण. खाली बर्फ जाड होता, बुडण्याचा प्रश्न नव्हता, हे मला माहीत होतं आणि तरी तुला उचलून काकांच्या सीटवर ठेवेपर्यंत माझे हात माझे नव्हते. मग काठावरून स्प्रूसच्या फांद्या तोडून आणल्या, ट्रॅकखाली घातल्या, स्लेड आडवी करून स्लश खरवडला, कारण उणे २५ मध्ये ट्रॅकमध्ये पाणी गोठलं की सकाळपर्यंत तो दगड. तू काकांच्या सीटवर बसून आम्हाला टॉर्च दाखवत होतीस. रडली नाहीस. पाण्याचा तो करडा रंग माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही, आणि तू ‘नदी’ म्हणालीस की तोच येतो.

त्या रात्री काकांनी मला स्की-डू स्लेड बनवणाऱ्या बोम्बार्दियेची गोष्ट सांगितली, तुला त्यातली मशीनची बाजू तेवढी माहीत आहे. क्वेबेकमधल्या व्हॅलकूरचा मेकॅनिक. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटाच्या दुखण्याने गेला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही. १९३७ मध्ये त्याला त्याच्या ट्रॅकचं पेटंट मिळालं, आणि १९५९ मध्ये पहिली छोटी स्की-डू, ती त्याने कुठे नेऊन दाखवली तर आपल्याच उत्तर ओंटारिओत, लॅन्सडाऊन हाऊसला फादर उइमे या मिशनरीकडे. काका हे सांगताना देवाचं नाव घेतात तसं नाव घेत होते. तू शेजारी स्लीपिंग बॅगमध्ये झोपली होतीस. मी ते ऐकत होतो आणि सारखा तुझ्या नाकाला हात लावून बघत होतो गार आहे का.

आणि तूच ती, जिने चौदाव्या वर्षी हर्स्टच्या ट्रेलवर तुटलेला ड्राइव्ह बेल्ट बदलला, मोठी माणसं हातमोजे शोधत असताना. कव्हर उघडलंस, क्लचमधले तुकडे बोटाने काढलेस, एकही धागा आत ठेवला नाहीस, नवा चढवलास. एक काका म्हणाले ही कोणाची मुलगी? मी काही बोललो नाही, पण ते वाक्य माझ्याकडे अजून आहे. तुला मशीन कळते, मला शंकाच नाही. मशीनची भीती मला कधी वाटली नाही.

तू म्हणालीस सुट्टी ख्रिसमसचीच मिळते. हॉस्पिटलमध्ये जानेवारीत रजा मिळत नाही हे मला समजतं, आम्हीही शिफ्टमध्येच जन्म काढला. मग यंदा कॅप ते हर्स्ट कर, तोही ट्रेल मॅपवर हिरवा झाला तरच. लाल असेल तर बंद, पिवळा असेल तर विचारून. मी इथे नागपुरात बसून रोज सकाळी तो मॅप उघडतो, तुमच्याकडे तेव्हा रात्र असते. आई म्हणते तुम्ही पेपर कमी वाचता आणि तो मॅप जास्त. छातीचं झाल्यापासून डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हटलंय, आणि हे मी तुझ्यावर दबाव टाकायला लिहीत नाही, खरंच नाही, पण लिहिलं गेलं.

समज, तरी गेलीच. तुझा स्वभाव आजीचा आहे, आजी ऐकायची का कोणाचं. तर मग एकटी पुढे जायचं नाही, दोन स्लेडमध्ये अंतर ठेवायचं, नदीवर एकीने आधी जायचं आणि दुसरीने काठावर थांबायचं. फ्लोटर सूट, पाण्यात तरंगवणारा, घाल. पडलीसच पाण्यात तर त्या मॅनिटोबाच्या प्रोफेसर गीसब्रेख्टचं लक्षात ठेव : एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय चालतात तेवढी, आणि शुद्ध जायला तास. म्हणजे घाबरायचं नाही, पहिलं मिनिट फक्त श्वास. मग आलीस त्याच बाजूला वळायचं, तिकडचा बर्फ तुला पेलून आला होता. पाय मागे मारत पोटावर वर यायचं, उभं नाही राहायचं, लोळत जायचं. मी हे लिहून राहिलो अन् माझाच हात थांबतोय.

ऑटर रॅपिड्सपासून पुढे पेट्रोल नाही, जास्तीचे कॅन घे. दोन बेल्ट, चार प्लग, दोर. सॅटेलाइट मेसेंजर घे, पैसे मी आजच पाठवतो, नाही म्हणू नको, वाढदिवसाचं समज. रोज संध्याकाळी एक मेसेज, ‘पोचले’, एवढा एकच शब्द पुरे.

आईने तिळाच्या पोळ्या आणि मेतकूट पाठवलंय, वरच्या घरच्या ताईचा मुलगा टोरांटोला येतोय त्याच्याकडे. टिमिन्सपर्यंत तो बसने पाठवून देईल. झुणक्यासाठी बेसन तिथलंच घे, इकडचं आणायला वजन पुरलं नाही. दादाला मी काही सांगितलेलं नाही, तूच सांग.

रविवारी फोन करतो. उचल. बर्फाचा विषय काढणार नाही.

बाबा

ता. क. आइस पिकची, म्हणजे पाण्यातून वर यायला बर्फात रोवायच्या टोच्यांची, दोरी जॅकेटच्या बाहेरून गळ्यात घाल, आतून नको. ओल्या हातांनी चेन उघडत नाही. आणि तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांना नदीचं विचार, ते नाही म्हणाले तर नाही.