मला शॉपवरून (कारखान्याच्या उत्पादन विभागातून) मार्केटिंगला आणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी हारतुरे आणि भाषणांच्या गडबडीत आपलं नीट बोलणं झालंच नाही. शिवाय मला जे सांगायचंय ते कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांमध्ये (धातू ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये) पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), मोल्डिंग (साचे बनवणं), डिस्पॅच सांभाळणाऱ्या आणि मार्केटिंगला जावं की नको या विचारात असलेल्या पोरांनीही वाचावं असं वाटतं. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

पीपीसीतला माणूस मार्केटिंगला नको, त्याला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. मला पीपीसीतून मार्केटिंगला घ्यायचा विषय निघाला त्या मीटिंगमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "बोलायला मी शिकवतो. कास्टिंग कुठं फसतं हे मला कुणाला शिकवता येणार नाही." प्लांट हेड मला सोडायला तयार नव्हते. त्यांच्याशी तुम्ही किती वेळा बोललात, हे मला फार उशिरा दुसऱ्यांकडून कळलं.

गिऱ्हाइकाकडे नेण्याआधी तुम्ही मला कॉस्टिंगला बसवलंत. तोवर माझं डोकं टनात चालायचं. आज किती हीट झाल्या (भट्टीत किती वेळा धातू वितळवला), किती बॉक्स (साचे) ओतले, किती माल गेला. तुम्ही एकेका कास्टिंगचा हिशेब मांडायला लावलात. कास्टिंग 20 किलोचं, पण रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांमधला जादा धातू) धरून धातू ओतला 32 किलो, म्हणजे यिल्ड, ओतलेल्यापैकी हाती आलेला माल, साडेबासष्ट टक्के. उरलेले 12 किलो पुन्हा भट्टीत जातात हे खरं, पण ते वितळवायला लागलेली वीज परत येत नाही, आणि इंडक्शन फर्नेसला (विजेच्या भट्टीला) टनामागे साधारण 600 युनिट लागतात. त्यावर कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), फेटलिंगची (कास्टिंग साफ करण्याची) मजुरी, रिजेक्शन. सरसकट किलोचा एकच दर लावणारी फौंड्री हलक्या, कोअरवाल्या कामात कशी मार खाते, ते तिथं समजलं. शॉपवर रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट पहिल्यांदा रुपयांत दिसली.

चाकणची ती भेट तर मी कधीच विसरणार नाही. हाउसिंग नावाच्या आमच्या एका कास्टिंगचा दर कमी करा म्हणून परचेसवाले हटून बसले होते. आकड्यांवर वाद घालण्याऐवजी तुम्ही त्यांना विनंती केलीत, "आमचा माल मशीनवर लागलेला दाखवाल का?" व्हीएमसीवरचा (कास्टिंग कापून मापात आणणाऱ्या मशीनवरचा) ऑपरेटर एका फेसवर दोन कट घेत होता. मी वाकून बघितलं. त्या बाजूला मशिनिंग अलाउन्स, म्हणजे मशीनवर कापून काढायला ठेवलेला जादा धातू, 4 मिलिमीटर होता. पॅटर्नमध्ये (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यात) दुरुस्ती करून तो अडीचवर आणता येईल, मग एका कटात काम होईल, असं मी सांगितलं. तुम्ही शेजारी उभे होता आणि मुद्दाम गप्प होता. मी काय म्हणतोय ते तुम्हाला माझ्याआधी दिसलं असणार, याची मला खात्री आहे. त्यांचा मशीनचा वेळ वाचला, आपला धातू वाचला आणि दर आहे तोच राहिला. मार्केटिंग आपल्याला जमेल, असं मला त्या मशीनपाशी वाटलं.

वसुलीही तुमच्याकडूनच शिकलो. एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, 2006 सालचा आहे. लेखी करार असला तरी लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, हे त्यात स्पष्ट आहे. तरी तुम्ही कायद्याचं नाव कधी पहिल्या फोनला काढलं नाहीत. आधी अकाउंट्समधल्या माणसाला बिल पोचलं का, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला का ते विचारायचं. निम्मी बिलं तिथंच अडकलेली असतात.

आणि एका गोष्टीचे आभार राहूनच गेले. माझ्या बदलीच्या पत्रात तुम्ही एक ओळ घालून घेतली होती, की पहिलं वर्षभर पगार इन्सेंटिव्हवर अवलंबून राहणार नाही. मी ती मागितली नव्हती, मागायचं सुचलंही नव्हतं. घराचा हप्ता चालू होता, आणि "शॉपची पक्की नोकरी सोडून फिरतीचं काम कशाला?" म्हणून वडील चार दिवस बोलत नव्हते. ते पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "मग जा."

सर, मनापासून आभार. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
पीपीसीतून आलेला