आधी कॉक बंद करा, मग फोन करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी वाढली की वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते. पाइपांना गोणपाट गुंडाळा, रात्री नळ थोडा सुटा ठेवा, टाकी झाका. सूचना चुकीच्या नाहीत. पण मी पारा शून्याखाली जाणाऱ्या, विरळ वस्तीच्या भागात प्लंबिंगचं काम करतो आणि या सूचना पाळणाऱ्यांच्या घरातही पाणी शिरलेलं पाहतो. पाइप फुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, ते त्या चौकटीत नसतं. शहरात प्लंबर गल्लीच्या टोकाला मिळतो. इकडे रस्ता निसरडा असला किंवा मी दुसऱ्या टोकाला कामावर असलो, तर मला यायला दुपार होते. तोवर घर घरच्यांनीच सांभाळायचं असतं.

फोन बहुतेक असाच येतो.

“भाऊ, लवकर या, पाइप फुटलाय.”

“पाणी बंद केलंत का?”

“ते कुठून करायचं?”

वीस-वीस वर्षं त्या घरात राहिलेली माणसं हे विचारतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. अर्ध्या इंची पाइप नीट फाटला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज बाहेर येतं. माझी वाट पाहत तासभर बसलात तर सहाशे ते नऊशे लिटर पाणी घरात. गाद्या, धान्य, भिंतीतली वायरिंग, सगळं त्यात आलं. म्हणून मला फोन करण्याआधी पाणी बंद झालेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

खेड्यातल्या घरात पाणी बंद करायची जागा एकच असेल असं नाही. गच्चीवर किंवा माळ्यावर टाकी असेल तर टाकीच्या तळातून निघणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह असतो. फुटलेलं पाणी तिथून खाली येत असतं, त्यामुळे नुसती मोटर बंद करून काही होत नाही, टाकी रिकामी होईपर्यंत पाणी येतच राहतं. बोअरचं पाणी प्रेशर पंपाने थेट नळांना जात असेल तर उलटा प्रकार. पाइप फुटला की दाब पडतो, दाब पडला की पंप आपोआप चालू होतो आणि तो इमानेइतबारे सगळं पाणी घरात ओततो. तिथे आधी पंपाचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा त्याचा खटका, पाडायचा, मग प्रेशर टँकच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा. टँकमध्ये दाबाखाली पाणी शिल्लक असतं, ते व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय थांबत नाही. गावची लाइन असेल तर कॉक मीटरपाशी किंवा कुंपणाच्या आत जमिनीतल्या खड्ड्यात असतो. त्या खड्ड्याचं झाकण कुंडीखाली, लाकडांच्या ढिगाखाली किंवा गोठलेल्या मातीखाली गेलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की कोणाच्याही अंगणात पाय ठेवला की माझी नजर आधी ते झाकण शोधते.

आणि व्हॉल्व्ह सापडला म्हणजे तो फिरेलच असं नाही. गोल चाकाचे जुने गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हात न लागल्याने जाम होतात. मग घाबरलेला माणूस त्याला मोठा पाना लावून जोर करतो, आतला दांडा तुटतो, चाक हातात येतं आणि पाणी होतं तसंच चालू. थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा सगळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडून बघा. पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरी मागे घ्या, म्हणजे ते शेवटाला आवळून बसत नाही. जाम झालेला व्हॉल्व्ह असेल तर तो सवडीने, दिवसाउजेडी बदलून घ्या आणि त्या जागी दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्याची दांडी पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. अंधारात नुसत्या हाताच्या चाचपणीने कळतं आणि घरातलं दहा वर्षांचं मूलही ती फिरवू शकतं.

इथे घर बांधणाऱ्यांना आणि फर्निचर करणाऱ्यांना थोडं सुनावल्याशिवाय राहवत नाही. एका घरी मी पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरातून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आलेला. मेन कॉक कुठेय म्हणून विचारलं तर घरातल्या आजी म्हणाल्या, “ओट्याखाली होता बाबा, आता कपाट आलंय तिथं.” कपाट म्हणजे ओट्याखाली भिंतीला ठोकलेलं प्लायवूड, मागची फळीसुद्धा बंदिस्त. आजी बॅटरी धरून उभ्या, त्यांची सून डबे बाहेर काढतेय आणि मी गुडघ्यावर बसून हातकरवतीने नव्याकोऱ्या फळीला चौकोनी भोक पाडतोय. फळीच्या मागे कॉक अगदी चांगल्या स्थितीत होता, एका झटक्यात फिरला. कपाट करणाऱ्याने तिथे हात जाईल एवढी झडप ठेवली असती तर सगळं दोन मिनिटांचं काम होतं. त्या भोकाला आता आजींनी पडदा लावलाय, फळी बदलू दिली नाही. मला ते आवडलं.

पाणी बंद झालं की दुसरं काम विजेचं. पाणी छतातून झिरपत असेल किंवा बोर्डाजवळ असेल तर त्या खोलीची वीज मेनमधून बंद करायची. पण मेनपर्यंत जायला साचलेल्या पाण्यातून चालावं लागत असेल तर जायचं नाही, विजेच्या माणसाला बोलवायचं. छताला फॉल्स सीलिंग असून ते फुगलं असेल तर वीज बंद केल्यावर खाली बादली ठेवून बारीक भोक पाडा, पाणी एका जागी उतरू द्या. नाही तर सगळं सीलिंग एकदम खाली येतं. त्यानंतर घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, पाइपातलं उरलेलं पाणी तिकडून जाईल.

हे झालं फुटल्यावरचं. पण पुष्कळदा सकाळी नळ उघडला तर पाण्याचा थेंब नसतो आणि माणसं म्हणतात, “गोठलाय, ऊन आलं की येईल.” येतंही. पण नळातून येईल की भिंतीतून, हे सांगता येत नाही. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप मात्र जिथे बर्फ झाला तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचा बुच वाढत जातो तसं त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं आणि जिथे जागा कमजोर तिथे पाइप चिरतो, मग तिथे बर्फाचा कणही नसो. पाइपाच्या घेरावरचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून चीर बहुधा लांबीलाच जाते. रात्रभर बर्फच बुचाचं काम करत असतो, त्यामुळे काही कळत नाही. ऊन चढतं, बुच सुटतो आणि तेव्हा फोन येतात. माझे सगळ्यात जास्त फोन पहाटे नव्हे, ऊन चढल्यावर येतात.

तेव्हा नळ गोठलेला दिसला की पाइप फुटलाय असंच समजून चाला. एकाच नळाला पाणी नसेल तर त्या फाट्यावर कुठेतरी गोठलंय. सगळ्यांनाच नसेल तर मेन लाइन किंवा पंप बघा. पंपाचं म्हणाल तर प्रेशर स्विचकडे जाणारी करंगळीहून बारीक नळी सगळ्यांत आधी गोठते आणि स्विचला दाब कळेनासा होतो. पंप चालू होत नाही, किंवा झाला तर बंद होत नाही. मोटर जळली म्हणून लोक ती खोलून नेतात आणि दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर ती व्यवस्थित चालते.

वितळवताना नळ उघडा ठेवा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जा. मधूनच तापवायला घेतलंत तर दोन्हीकडे बर्फ आणि मध्ये तापलेलं पाणी, त्याला जायला वाटच नाही. केस वाळवायचा ड्रायर चालतो, मात्र पाय आणि हात कोरडे हवेत. वीज नसेल तर गरम पाण्यात पिळलेली फडकी पाइपाला गुंडाळायची आणि गार झाली की बदलायची. धीर धरावा लागतो. शून्य अंशाचा बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. घरात दोघं असाल तर एकाने मेन व्हॉल्व्हपाशी थांबावं, दुसऱ्याने पाइपापाशी. कुठे फवारा दिसला की हाक मारायची.

आग लावू नका. चिंध्या पेटवून पाइपाला लावणारे, ब्लो-टॉर्च फिरवणारे मी पाहिलेत. प्लॅस्टिकचा पाइप त्याने लोळागोळा होतो, लोखंडी पाइपात वाफ कोंडून तो फुटू शकतो आणि भिंतीतलं लाकूड धुमसत राहिलं तर घरच जातं. प्लॅस्टिकच्या पाइपावर उकळतं पाणीही ओतू नका. आणि कृपा करून बंद न्हाणीघरात कोळशाची शेगडी ठेवून “खोली तापेल, पाइप सुटेल” असा विचार करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाइप बदलता येतो, एवढंच लिहितो.

गीझरबद्दल जरा सविस्तर, कारण हे फार कोणी सांगत नाही. नळाला पाणी नाही म्हणून लोक गरम पाण्याचा नळ फिरवून बघतात, तोही कोरडा, मग “निदान गीझर तरी तापत राहू दे” म्हणून बटण चालू ठेवतात. गीझरमध्ये येणारा आणि जाणारा दोन्ही पाइप गोठलेले असतील तर आत तापून फुगणाऱ्या पाण्याला जायला एकच वाट उरते, ती म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे असेल तर तेही गोठलेलं असू शकतं. आणि पाइप फुटून टाकी रिकामी झाली असेल तर एलिमेंट कोरडाच तापून जळतो. म्हणून पाणी गोठलं किंवा बंद केलं, की गीझरचं बटण बंद. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत ते चालू करायचं नाही.

चीर सरळ पाइपावर असेल आणि पाणी बंद असेल, तर मी येईपर्यंतचं काम सायकलच्या जुन्या ट्यूबने होतं. ट्यूब उभी चिरून चिरेच्या दोन्ही बाजूंना चांगली पुढे जाईल अशी ताणून गुंडाळायची आणि वरून होजक्लिपा आवळायच्या. क्लिपा नसतील तर तार पिळायची. मग व्हॉल्व्ह अगदी हळू, थोडासाच उघडायचा. जोडावर, एल्बोवर (वळणाच्या तुकड्यावर) किंवा टीवर (तीन तोंडांच्या तुकड्यावर) चीर असेल तर यात वेळ घालवू नका, त्या फाट्याचं पाणी बंद ठेवा. वाहत्या पाण्यावर पुट्टी थापून काही होत नाही, पाइप पुसून कोरडा केल्याशिवाय ती धरत नाही.

रात्री नळ सुटा ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल. धार चालू राहिली की अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत नाही, म्हणून तो उपाय खरा आहे. पण ज्यांचं सांडपाणी सेप्टिक टँकला उथळ पाइपातून जातं, त्यांनी थेंब-थेंब पाणी सोडून झोपू नये. पातळ पाणी जाता जाता थरावर थर गोठत जातं आणि सकाळी पाइप आतून पूर्ण भरलेला असतो. तो खोदून काढणं पाण्याच्या पाइपापेक्षा कैक पटींनी त्रासाचं आणि घाणीचं. अशा घरांनी सुट्या नळाखाली बादली ठेवावी. ते पाणी सकाळी फ्लशला वापरता येतं, वीज गेलेल्या दिवशी तर फारच उपयोगी पडतं. पाइपाला गुंडाळलेल्या गोणपाटाबद्दलही एवढंच की ते ऊब तयार करत नाही, असलेली जपतं. भिंतीच्या फटीतून थेट वारा येत असेल तर आधी ती फट बुजवा. आणि गोणपाट ओलं झालं तर ते नसल्यातच जमा.

चार दिवस घर बंद ठेवून जाणार असाल तर पाण्याचा मेन कॉक बंद करा, सगळ्यात वरचा नळ हवा शिरायला आणि सगळ्यात खालचा पाणी जायला उघडा, फ्लश ओढून टाका, बाहेरच्या नळाचा रबरी पाइप काढून ठेवा. बाहेर बसवलेल्या पंपाच्या तळाला एक छोटा प्लग असतो, तो काढून आतलं पाणी सोडा, नाही तर बिडाचं कवच तडकतं. त्याला मग माझ्याकडेही इलाज नाही.

आता फोनचं. मला किंवा दुसऱ्या कोणाला बोलवाल तेव्हा इतकं सांगा : पाणी बंद झालंय का, पाइप लोखंडी की प्लॅस्टिकचा, आणि प्लॅस्टिक असेल तर पांढरा की पिवळसर, अंदाजे किती जाड, चीर सरळ पाइपावर की जोडावर, पाणी टाकीचं, पंपाचं की गावच्या लाइनचं, घरात वीज आहे का. मोबाइल असेल तर एक फोटो पाठवा, पण लांबून काढलेला, दोन्ही बाजूंचे जोड दिसतील असा. नुसत्या चिरेचा जवळून काढलेला फोटो पाहून कोणतं सामान घ्यायचं ते कळत नाही, आणि आमच्याकडे विसरलेल्या एका एल्बोसाठी परत जायचं म्हणजे तुमचा आणखी एक दिवस पाण्याविना जातो.

आपला,
एक वाचक (व्यवसायाने प्लंबर)